हातोडी बोटावर तोलताना: गुरुत्वमध्य आणि वस्तुमान केंद्र

घरातली हातोडी घ्या आणि एका बोटावर आडवी तोलून बघा. बोट दांड्याच्या मधोमध ठेवलं तर डोकं लगेच खाली जातं. मग बोट सरकवत सरकवत लोखंडाच्या बरंच जवळ न्यावं लागतं, तेव्हा कुठे ती स्थिरावते. बोटाच्या थेट वर तिचा गुरुत्वमध्य आलेला असतो.

आता प्रश्न: हातोडी नेमकी इथेच करवतीने कापली, तर दोन्ही तुकडे सारख्या वजनाचे निघतील? शिकवणीत बहुतेक मुलं बिनधास्त 'हो' म्हणतात. निघत नाहीत. डोक्याकडचा तुकडा जड भरतो. तोल नुसत्या वजनावर ठरत नाही, वजन गुणिले अंतर यावर ठरतो. दांडा हलका, पण लांबवर पसरलेला, म्हणून तो जड डोक्याला तोलून धरतो.

वस्तुमान केंद्र वेगळं कुठे? व्याख्येत. वस्तूच्या प्रत्येक कणाची जागा त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात धरून सरासरी काढली की मिळतं ते वस्तुमान केंद्र. तीच सरासरी वजनाच्या प्रमाणात काढली की गुरुत्वमध्य. वजन म्हणजे वस्तुमान गुणिले g (गुरुत्वीय त्वरण, म्हणजे त्या जागी पृथ्वीची ओढ किती जोरदार आहे ते). हातोडीच्या दोन्ही टोकांना g सारखाच, त्यामुळे तो गणितातून उडून जातो आणि दोन्ही बिंदू एकाच जागी येतात. पाठ्यपुस्तकं दोन्ही शब्द सर्रास अदलाबदल करून वापरतात ते यामुळेच, आणि हातोडीपुरतं त्यात काही बिघडत नाही. (दोन्ही बिंदू वस्तूच्या आतच हवेत असंही नाही. मेदूवड्याचे भोकात असतात.)

उंची वाढली की मात्र फट पडते, कारण वर जावं तसा g कमी होतो. एकसारख्या जाडीचा ३०० मीटर उंच खांब घेतला, तर वस्तुमान केंद्र बरोबर १५० मीटरवर येतं आणि गुरुत्वमध्य त्याच्या जेमतेम अडीच मिलिमीटर खाली. इमारत बांधणाऱ्याने याची फिकीर करू नये. उपग्रहवाल्यांना ती करावी लागते. लांबट उपग्रहाचं पृथ्वीकडचं टोक किंचित जास्त ओढलं जातं. तो तिरका असला की ही ओढ वस्तुमान केंद्रातून सरळ जात नाही, आणि उपग्रहाला पीळ बसून त्याची लांबी पृथ्वीच्या दिशेने वळू लागते. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे रोखलेली राहते, त्यामागेही हाच पीळ आहे.

गुरुत्वमध्य हा शब्द वयाने मोठा. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तरफांचा आणि त्रिकोणांचा तोल मांडला तो वजनावरून. वस्तुमान वजनापासून नीट वेगळं झालं ते १६८७ मध्ये, न्यूटनच्या ग्रंथात. पण मला विचाराल तर पक्का बिंदू वस्तुमान केंद्रच. ते सर्वस्वी वस्तूचं असतं. गुरुत्वमध्य ठरवायला बाहेरून ओढणारं कुणीतरी लागतं. सगळ्या ग्रहताऱ्यांपासून लांब, जिथे ओढच नाही, तिथे हातोडीचा गुरुत्वमध्य विचारण्यात अर्थ नाही. वस्तुमान केंद्र तिथेही जागच्या जागी असतं, आणि हातोडी गिरक्या घेत भिरकावली तर तेवढा एक बिंदू सरळ रेषेत जातो.

पेपरात 'टपावर सामान लादलेली एसटी वळणावर का कलंडते' असं आलं, तर गुरुत्वमध्य लिहा. 'हवेत फिरत जाणारी बॅट कोणत्या मार्गाने जाते' असं आलं, तर वस्तुमान केंद्र.