लंडनमध्ये हात कुणाला दाखवायचा: ब्लॅक कॅब आणि मिनीकॅब

लंडनला मुलांकडे निघालेल्या आईबाबांना आपण औषधं, स्वेटर, विम्याचे कागद सगळं आठवणीने देतो. टॅक्सीबद्दल मात्र ‘उबर करा, नाहीतर टॅक्सी पकडा’ एवढंच सांगतो. तिथे या दोन्हींचे परवाने वेगळे आहेत आणि नियमही.

ब्लॅक कॅब ही आपल्या काळी-पिवळीसारखी: रस्त्यात हात दाखवा, नाहीतर स्टँडवर जा. छतावरचा ‘टॅक्सी’ दिवा पेटलेला असला की गाडी रिकामी. रंग काळाच असेल असं नाही, दिवा बघायचा. भाडं मीटरवर, कार्ड चालतंच, आणि प्रत्येक गाडीत व्हीलचेअर चढते. पूर्ण लंडनचा हिरवा बिल्ला मिळवायला चालकाला ‘नॉलेज’ ही परीक्षा द्यावी लागते. 1865 पासून चालत आलेली. मध्य लंडनमधल्या चेरिंग क्रॉसपासून 6 मैलांच्या आतले सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ हवेत, आणि त्यात तीन-चार वर्षं सहज जातात. एवढी मेहनत केलेल्या माणसाच्या गाडीत म्हातारी माणसं बसली की मला निर्धास्त वाटतं. मात्र मीटर वेळेवरही पळतो, ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तरी आकडा वाढतो, आणि रात्रीचा दर जास्त असतो.

मिनीकॅब म्हणजे खासगी भाड्याची गाडी, ती आधी बुक केल्याशिवाय घेताच येत नाही. लंडनमधल्या उबरच्या नेहमीच्या गाड्या याच प्रकारात येतात. भाड्याचा अंदाज आधी कळतो, बहुतेकदा ब्लॅक कॅबपेक्षा स्वस्त पडतं. पण गर्दीच्या वेळी ॲपवरचा दर चढतो.

ॲपवर मागवली म्हणजे मिनीकॅबच, असंही नाही. आता ब्लॅक कॅबही ॲपवर मिळते. फरक एवढाच, की रस्त्यावरून थेट प्रवासी उचलायची मुभा फक्त ब्लॅक कॅबला आहे.

जपायचं ते इथे. रात्री थिएटर किंवा स्टेशनबाहेर कुणी जवळ येऊन ‘टॅक्सी हवी का?’ विचारतो. गाडी चांगली असेल, माणूस गोड बोलेल, तरी बसू नका. बुकिंगशिवाय त्याने तुम्हाला नेणं बेकायदा आहे, अपघात झाला तर विमा लागू होत नाही, आणि तुम्ही कुणाच्या गाडीत बसलात याची कुठेच नोंद नसते. बुक केलेली गाडी आली तरी नंबर जुळवा, आणि ‘कुणासाठी आलात?’ असं चालकालाच विचारा. आपलं नाव आधी सांगू नका.

हीथ्रोला उतरल्यावर फोनला नेट नसेल, ओटीपी येत नसेल, तर घाबरू नका. प्रत्येक टर्मिनलबाहेर ब्लॅक कॅबचा स्टँड आहे. मध्य लंडनपर्यंत महाग पडेल हे खरं, पण सामान कमी असेल तर एलिझाबेथ लाइन ही रेल्वे आहेच. किंवा मुलाने त्याच्या फोनवरून तुमच्यासाठी मिनीकॅब बुक करावी आणि गाडीचा नंबर तुम्हाला कळवावा.