घडीच्या नाण्यातलं रबर

गेल्या श्रावणात काकांनी एक डबी माझ्यापुढे ठेवली. "बघ गं, ऐन वेळी ढिलं पडतंय." आत अमेरिकेचा अर्धा डॉलर होता. व्यास ३०.६ मिलिमीटर, दोन ठिकाणी कापून तीन तुकडे केलेले. कडेला खाच आणि त्या खाचेत ताणून बसवलेलं रबराचं बारीक कडं. ताणामुळे तुकडे एकमेकांना घट्ट चिकटतात आणि नाणं अखंड दिसतं. दुमडलं की बाटलीच्या तोंडातून आत जातं आणि टप्पकन उघडतं. गिरगावच्या आमच्या चाळीत गणपतीत काका हाच जादूचा प्रयोग करतात.

खिडकीशी भिंग घेऊन बसले. चिमट्याने कडं उचललं, तर पाकासारखी तार आली. जिथे रबर अजून शाबूत होतं तिथे बारीक चिरा होत्या, सगळ्या ताणाला आडव्या.

चिरा हवेतल्या ओझोन वायूमुळे पडलेल्या. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांत जागोजागी अणूंमध्ये दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका तेच तोडतो. सैल रबराचं वरवरचंच नुकसान होतं. ताणलेल्या रबरात मात्र चीर उघडते, आतला ताजा भाग हवेला लागतो आणि चीर खोल जाते. वाहनांचा धूर आणि ऊन यांतून जमिनीलगत ओझोन तयार होतो. मुंबईत दोन्हींची ददात नाही, आणि हे कडं तर डबीतही ताणलेलंच!

चिकटपणाचं कारण मला जास्त विलक्षण वाटलं. १९७१ पासूनच्या अर्ध्या डॉलरच्या पोटात तांबं असतं, वरखाली फक्त तांबं-निकेलचा थर. म्हणजे कडेच्या खाचेत रबर थेट उघड्या तांब्यावर टेकतं. घाम आणि दमट खारी हवा लागली की तिथे हिरवट कळंक धरतो. तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, रबराचं ऑक्सिडीकरण झपाट्याने वाढवतात, साखळ्या तुटतात आणि रबर मऊ, चिकट होतं. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसं तांब्याच्या संगतीने रबर बिघडतं.

म्हणून उपायही कल्हईचाच केला. टूथपिकला स्पिरिटचा बोळा गुंडाळून खाच पुसली. बारीक पॉलिश पेपरने तिच्या धारदार कडा मोडल्या. आत रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात दिला आणि रात्रभर वाळू दिला. नवं कडं सिलिकॉनचं घेतलं, कारण त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतात, ओझोन तोडणार काय? फक्त त्याला ओरखडा सोसत नाही. एक बारीक खोच पडली की फाटत जातं, त्यासाठीच कडा मोडायच्या.

नाण्याच्या चेहऱ्याला चिंच लावू नका. लखलखीत नाणं जुन्या नाण्यांत लगेच ओळखू येतं. नैसर्गिक रबराच्या कड्याला मशीनचं तेल तर नकोच, ते फुगतं आणि सैल होतं. आणि आपलं चलनी नाणं कापायच्या भानगडीत पडू नका. २०११ च्या नाणे कायद्याने नाणं नष्ट करणं गुन्हा आहे. चुंबकाचे प्रयोग करायचे असतील तर स्टीलचा रुपया न कापताच चुंबकाला चिकटतो.

काकांनी नाणं तीन-चारदा दुमडून पाहिलं, कानाशी नेऊन आवाज ऐकला. मग डबीच्या झाकणावर पेन्सिलीने तारीख घातली आणि कडं काढून वेगळ्या पुडीत ठेवलं. आता ते प्रयोगाच्या दिवशीच चढतं.