मुद्दाम चुकवलेले समीकरण : ‘होमर क्यूब्ड’ची पार्श्वभूमी

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिकेतील संदर्भ आणि चुका टिपून ठेवणाऱ्या प्रेक्षकांच्या याद्यांत एक नोंद हमखास आढळते. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी फॉक्स वाहिनीवर दाखवल्या गेलेल्या ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’च्या सहाव्या विशेष भागात ‘होमर क्यूब्ड’ नावाची तिसरी कथा आहे आणि तिच्यात हवेत तरंगणारे एक गणिती समीकरण चुकीचे आहे. नोंद बरोबर आहे. परंतु ही चूक अनवधानाने राहिलेली नसून मोठ्या मेहनतीने शोधून काढलेली आहे, आणि ती पूर्णपणे कळण्यासाठी सतराव्या शतकातील एका गणितज्ञापासून त्या वर्षीच्या ताज्या गणिती घडामोडींपर्यंतचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

कथा साधी आहे. दोन्ही मेहुण्या घरी आल्याचे पाहून लपायला जागा शोधणारा, मालिकेतील कुटुंबाचा बाप होमर पुस्तकांच्या कपाटामागे शिरतो आणि तिथल्या भिंतीतून थेट त्रिमितीच्या जगात जाऊन पडतो. एरवी सपाट, हाताने रंगवलेली ही पात्रे येथे पहिल्यांदाच संगणकावर घडवलेल्या गोलाईसह दिसली. हे काम कॅलिफोर्नियातील पॅसिफिक डेटा इमेजेस या कंपनीने केले होते, जिने पुढे ‘अँट्झ’ आणि ‘श्रेक’ हे चित्रपट घडवले. त्या अवकाशात ७३४ हा आकडा कुठलाही खुलासा न देता दिसतो. टेलिफोनच्या कळांवर कंपनीच्या नावाची तीन इंग्रजी आद्याक्षरे याच अंकांवर येतात.

कथेचा सांगाडा मात्र जुना आहे. १६ मार्च १९६२ रोजी प्रसारित झालेल्या ‘द ट्वायलाइट झोन’ मालिकेच्या ‘लिटल गर्ल लॉस्ट’ या भागात एक लहान मुलगी पलंगाखालून दुसऱ्याच मितीत हरवते, तिचा केवळ आवाज घरात ऐकू येत राहतो, शेजारचा भौतिकशास्त्रज्ञ खडूने भिंतीवर त्या दाराच्या कडा आखतो आणि वडील तिला परत आणायला आत झेपावतात. रिचर्ड मॅथेसन यांच्या या कथेतील जवळजवळ प्रत्येक दुवा ‘होमर क्यूब्ड’मध्ये सापडतो : भौतिकशास्त्रज्ञाच्या जागी प्रोफेसर फ्रिंक आहे, आणि आत उडी घेणारा येथे कमरेला दोर बांधलेला बार्ट, म्हणजे मुलगाच आहे. ऋण लपवण्याचा प्रयत्नही नाही, कारण होमर स्वतःच त्या मालिकेचे नाव अर्धवट आठवून उच्चारतो. पुढे तो आपल्या भोवतालाची तुलना १९८२च्या ‘ट्रॉन’ या संगणकचित्रपटाशी करू पाहतो आणि तो कुणी पाहिला आहे का, असे विचारतो. बाहेर जमलेले एकामागून एक ‘नाही’ म्हणतात, आणि पोलीसप्रमुख विगम आधी ‘हो’ म्हणून लगेच शब्द फिरवतो. ‘ट्रॉन’ला प्रदर्शनाच्या वेळी अपेक्षेइतका प्रेक्षक मिळाला नव्हता, हे माहीत असलेल्याला विगमच्या त्या माघारीत अधिक गंमत वाटते. मागे दिसणारी खांबांची इमारत १९९३च्या ‘मिस्ट’ या संगणक-खेळातील ग्रंथालयाची आहे. एका ठिकाणी चहाची किटलीही आहे. युटा विद्यापीठातील मार्टिन न्यूवेल यांनी १९७५मध्ये तिचे संगणकीय प्रारूप तयार केले आणि तेव्हापासून त्रिमिती चित्रणाची चाचणी घेणाऱ्यांच्या पिढ्यांनी तीच किटली वापरली आहे. या कथेत ती असणे हे त्या कारागिरांनी आपल्या परंपरेला केलेले वंदन आहे, असे मी मानतो.

आता मूळ समीकरणाकडे. ही कथा लिहिणारे डेव्हिड एस. कोहेन, जे पुढे डेव्हिड एक्स. कोहेन या नावाने ओळखले गेले, यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र आणि बर्कलीत संगणकशास्त्र शिकून मग विनोदलेखनाकडे मोर्चा वळवला होता. होमरच्या मागे त्यांनी असे मांडले : १७८२चा बारावा घात अधिक १८४१चा बारावा घात बरोबर १९२२चा बारावा घात. पिएर द फेर्मा यांनी १६३७च्या सुमारास एका ग्रंथाच्या समासात लिहून ठेवले होते की, दोनपेक्षा मोठ्या कोणत्याही घातासाठी अशी धन पूर्णांकांची जुळणी होऊच शकत नाही, आणि त्याची सुंदर सिद्धता आपल्याकडे आहे, परंतु समास अपुरा आहे. ती सिद्धता साडेतीनशे वर्षे कुणालाही मिळाली नाही. अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३मध्ये केंब्रिज येथे ती सापडल्याची घोषणा केली, मग तिच्यात एक त्रुटी निघाली, सप्टेंबर १९९४मध्ये रिचर्ड टेलर यांच्या साहाय्याने ती दूर झाली आणि मे १९९५मध्ये पूर्ण सिद्धता छापून आली. म्हणजे गणिताच्या इतिहासातील हे प्रदीर्घ प्रकरण मिटून जेमतेम पाच महिने झाले असताना एका हास्यमालिकेने त्याचे ‘खंडन’ पडद्यावर आणले.

हे खंडन सहज पकडले जाऊ नये, यासाठी कोहेन यांनी संगणकाचा प्रोग्रॅम लिहून जवळजवळ जुळणाऱ्या संख्या धुंडाळल्या. दहा अंक दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर डाव्या बाजूची बेरीज करून तिचे बारावे मूळ काढले की उत्तर नेमके १९२२ येते. प्रत्यक्षात ते १९२१.९९९९९९९५६च्या आसपास आहे. दोन्ही बाजूंच्या चाळीस अंकी संख्यांचे पहिले नऊ अंक तंतोतंत सारखे आहेत आणि फरक त्यानंतर सुरू होतो. परंतु कॅल्क्युलेटर बाजूला ठेवणाऱ्याला हे कोडे क्षणात सुटते. सम संख्येचा घात सम आणि विषम संख्येचा विषम, म्हणून १७८२ आणि १८४१ यांच्या घातांची बेरीज विषम येणार, तर १९२२चा घात सम आहे. भाग दाखवला गेल्यानंतर काही प्रेक्षक कॅल्क्युलेटरवर पडताळून चक्रावले आणि इतरांनी याच सम-विषमाच्या युक्तीने त्यांचे कोडे सोडवले.

त्याच अवकाशातील इतर ओळी पाहिल्या की चूक कशाला म्हणायचे, हा प्रश्न आणखी रंगतदार होतो. ऑयलरचे प्रसिद्ध सूत्र तेथे आहे आणि ते निर्विवाद बरोबर आहे. ‘पी बरोबर एनपी’ हे विधान आहे, म्हणजे ज्या कोड्याचे उत्तर झटपट तपासता येते ते झटपट सोडवताही येते, असा दावा. तो १९७१पासून संगणकशास्त्रापुढे उभा आहे आणि आजही सिद्ध झालेला नाही किंवा खोटाही ठरलेला नाही. बारा जोड्यांची एक सोळा-आधारी, म्हणजे सोळा चिन्हांनी संख्या लिहिण्याच्या संगणकी पद्धतीतील ओळ आहे, जी अक्षरांत बदलली की प्रोफेसर फ्रिंकचा जयजयकार वाचता येतो. विश्वातील द्रव्याची घनता क्रांतिक मूल्याहून जास्त आहे, असे सांगणारी असमानताही आहे. १९९५मध्ये हा प्रश्न खुला होता. १९९८मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणांतून विश्वाचा प्रसार वेगावत असल्याचे दिसले, आणि आजच्या मापनांनुसार द्रव्याची घनता क्रांतिक मूल्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. आपल्या विश्वापुरती ती ओळ म्हणूनच चुकली. कथेपुरती मात्र ती खरी ठरते, कारण घनता एवढी असलेले विश्व शेवटी आपल्यातच कोसळते आणि होमरचे ते जग अखेरीस नेमके तसेच कोसळते. पडद्यावर क्षणभर दिसलेली असमानता शेवटाची पूर्वसूचना देते, ही गोष्ट मला या साऱ्या संदर्भांत सर्वांत मोलाची वाटते.

असे बारकावे पेरणे शक्य झाले ते घरोघरी आलेल्या व्हिडिओ रेकॉर्डरमुळे. दृश्य थांबवून पाहणारा प्रेक्षक तयार झाल्यावर लेखक त्याच्यासाठी लिहू लागले आणि तोच प्रेक्षक त्यांच्या चुकाही दाखवू लागला. या नात्यावरही कोहेन यांनीच लिहिले. ९ फेब्रुवारी १९९७च्या ‘द इची अँड स्क्रॅची अँड पूची शो’ या भागात एक चाहता तक्रार करतो की, मालिकेतल्या मालिकेत दिसणाऱ्या कार्टूनमधील मांजराच्या सांगाड्याची एकच बरगडी दोनदा वाजवली असता दोन वेगळे सूर निघाले, आणि त्यासाठी तो ‘टू एफ झिरो नाइन’ हा निर्मितिक्रमांक उच्चारतो. हा क्रमांक खरा आहे. तो १९९५च्या ‘होमर द ग्रेट’ या भागाचा आहे.

२० सप्टेंबर १९९८ रोजी दाखवल्या गेलेल्या ‘द विझर्ड ऑफ एव्हरग्रीन टेरेस’ या भागात एडिसनच्या वाटेने संशोधक व्हायला निघालेल्या होमरच्या फळ्यावर कोहेन यांनी पुरवलेली दुसरी जुळणी दिसते : ३९८७ आणि ४३६५ यांच्या बाराव्या घातांची बेरीज बरोबर ४४७२चा बारावा घात. या वेळी सम-विषमाची परीक्षा पार पडते, शेवटचा अंकही दोन्ही बाजूंना सहा येतो, आणि कॅल्क्युलेटर पुन्हा फसतो. मात्र डावीकडच्या दोन्ही संख्यांना तीनने निःशेष भाग जातो आणि ४४७२ला जात नाही, म्हणून ही जुळणीही खोटीच आहे.