चिमणीची मर्यादा: 300 वरून 450

नायट्रोजन डायऑक्साइड म्हटलं की आधी डिझेलच्या गाड्या आठवतात. चंद्रपूरकडे मात्र औष्णिक केंद्राच्या चिमण्यांपासून सुरुवात करावी लागते. बॉयलरच्या उष्णतेत हवेतला आणि कोळशातला नायट्रोजन जळतो. चिमणीतून निघतो तो बहुतांश नायट्रिक ऑक्साइड. बाहेर ओझोनशी गाठ पडली की त्याचा डायऑक्साइड होतो. त्याने मुलांचा दमा बळावतो, आणि पुढे नायट्रेटचे सूक्ष्म कण होऊन तो दूरवरच्या गावांतही पोचतो.

श्वासात येणाऱ्या हवेसाठी देशात मर्यादा 1982 पासून आहेत. 2009 च्या सुधारणेत नायट्रोजन डायऑक्साइडची निवासी भागातली वार्षिक मर्यादा घनमीटरला 60 वरून 40 मायक्रोग्रॅमवर आली. त्याच कागदावर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांची 15 वरून 30 वर गेली, याची चर्चा फारशी झाली नाही. कोळशाच्या चिमणीतून नायट्रोजनची ऑक्साइड किती सोडावीत, यावर डिसेंबर 2015 पर्यंत बंधनच नव्हतं.

त्या महिन्यात निघालेल्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वीजनिर्मिती संचांचे वयानुसार तीन गट केले: 2003 अखेरपर्यंतच्यांना घनमीटरला 600 मिलिग्रॅम, 2016 अखेरपर्यंतच्यांना 300, त्यानंतरच्यांना 100. चंद्रपूरचे आठवा आणि नववा संच 2016 मध्येच सुरू झाले. काही महिने उशीर झाला असता तर ते 100 च्या गटात गेले असते. मुदत दोन वर्षांची होती. ती टळली, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये मधल्या गटाची मर्यादाच 300 वरून 450 झाली.

वीज कंपन्यांचं म्हणणं असं: संच पूर्ण भारावर, म्हणजे पूर्ण क्षमतेने, चालला तर 300 जमतं, भार कमी केला की जमत नाही, आणि दिवसा सौरवीज आली की भार कमी करावाच लागतो. अडचण खरी आहे. पण बर्नर बदलणं, वरच्या थरातून जादा हवा सोडणं हे उपाय जुनेच आहेत, आणि धुरात अमोनिया सोडून ही ऑक्साइड मोडण्याचा जास्त खर्चाचा मार्गही जगात दशकानुदशकं वापरात आहे. राखेचं प्रमाण जास्त असलेल्या आपल्या कोळशात तो टिकणार नाही, हा आक्षेप मोठ्या प्रमाणावर तपासून पाहण्याआधीच आकडा सैल केला गेला. त्या सवलतीचं ओझं चिमणीखालच्या वस्त्यांनी उचलायचं, हे मला पटत नाही.

2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची हवेतल्या नायट्रोजन डायऑक्साइडची मार्गदर्शक मर्यादा वर्षाला 40 वरून 10 मायक्रोग्रॅमवर आली. आपल्याकडे 40 च आहे. तासाभराची मर्यादा तर नाहीच. त्यामुळे धूर खाली बसला त्या तासात हवा किती बिघडली, हे चोवीस तासांच्या सरासरीत विरून जातं.