किडा, हेर आणि पाऊण सेकंद

फोंड्यातल्या एका शाळेच्या संगणक कक्षात पतंगाचं चित्र लावलंय: ‘जगातला पहिला बग’. पतंग खरा आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यात, तो सापडला आणि चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला गेला. शेजारी शेरा आहे, ‘बग सापडल्याचा पहिला खराखुरा प्रसंग’. शेऱ्यातली गंमत लक्षात घ्या: बिघाडाला बग म्हणायची पद्धत आधीचीच होती. एडिसनने १८७८ च्या एका पत्रात तो शब्द याच अर्थाने वापरलाय.

मला अप्रूप आहे ते ऐकणाऱ्याच्या डोक्याचं. बग म्हणजे किडा, चोरून बोलणं ऐकायचं यंत्र, प्रोग्रॅममधली चूक. संदर्भ बघून मेंदू नेमका अर्थ उचलतो, असं आपण धरून चालतो. १९७९ मध्ये भाषा-मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी हे तपासलं. लोकांच्या कानावर वाक्य पडत होतं: खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर ‘बग्ज’ सापडले. तो शब्द संपताक्षणी पडद्यावर एक शब्द झळके. तो खरा इंग्रजी शब्द आहे की नुसती अक्षरांची जुळणी, एवढंच बटण दाबून सांगायचं. ‘मुंगी’साठीचा शब्द लोकांनी पटकन ओळखला, यात नवल नाही. पण ‘हेर’ही तितक्याच झटकन! ‘शिवणे’ या असंबद्ध शब्दाला मात्र वेळ लागला. म्हणजे कोळी-झुरळं समोर असूनही बगचा हेरगिरीच्या यंत्राचा अर्थ जागा झाला होता. पणजीच्या कदंब बस स्टँडवर ‘नाईक!’ म्हणून हाक मारली की चार माना वळतात, तसंच हे.

‘बग्ज’नंतर वाक्यातले आणखी तीन उच्चार (सिलॅबल) कानावर पडल्यावर, म्हणजे साधारण पाऊण ते एक सेकंदाने, तीच चाचणी घेतली तर फक्त मुंगी शिल्लक. हेर गायब, आणि आपल्याला पत्ताही नाही. (‘सुप्त मन जागृत करा’ शिबिरवाल्यांनी यावर पावती फाडू नये. हे सगळं फुकट आणि आपोआप होतं.) एक अर्थ फारच वापरातला असेल तर गणित बदलतं. वाचताना संदर्भ कमी वापरातल्या अर्थाकडे ढकलत असेल, तर नेहमीचा अर्थ मध्येच तोंड घालतो आणि नजर त्या शब्दावर जास्त रेंगाळते. नजरेच्या हालचाली मोजून हे दिसलंय.

भाषेची भिंतही इथे फारशी टिकत नाही. १९९९ च्या एका प्रयोगात रशियन-इंग्रजी जाणणाऱ्यांना रशियनमध्ये ‘मार्कू’, म्हणजे टपाल तिकीट, दुसऱ्या जागी ठेवायला सांगितलं, तर त्यांची नजर काही वेळा तिथेच ठेवलेल्या मार्कर पेनाकडे सरके. घरात मराठी, बाजारात कोंकणी आणि ऑफिसात इंग्रजी बोलणाऱ्या गोंयकारावर असा प्रयोग करून बघायला हवा.