तुमच्या इंटरनेट लाइनवरचा ट्रॅफिक आम्ही कसा ओळखतो

एका टेबलावर बॅकअप सुरू झाला की शेजारच्या टेबलावरचा कॉल तुटायला लागतो. लाइन मोठी घेतली तरी हे थांबेलच असं नाही, कारण बॅकअप मिळेल तेवढी जागा व्यापतो. कॉलला रांगेत पुढे घ्यायला हवं, आणि त्यासाठी कॉल कुठला नि बॅकअप कुठला हे राउटरला कळायला हवं.

सगळ्यात सोपी खूण पोर्ट नंबरची, म्हणजे डेटा कुठल्या सेवेसाठी आहे हे सांगणाऱ्या आकड्याची. ५३ म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), २२ म्हणजे एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन). राउटरवर याचा भार जवळजवळ पडत नाही. पण आज ब्राउझिंग, व्हिडिओ, क्लाउड बॅकअप असं बहुतेक सगळं ४४३ या एकाच पोर्टवरून जातं. आयपी फोनच्या (इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनच्या) बाबतीत तर एक चूक आम्हाला वारंवार दिसते: ५०६० या पोर्टला प्राधान्य दिलेलं असतं, पण त्या पोर्टवरून फक्त कॉलची जोडणी होते. आवाज वेगळ्या पोर्टवरून जातो. मग घंटी झटकन वाजते आणि बोलणं तुटकच राहतं.

पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, उघडून आतला मजकूर तपासणारी उपकरणंही मिळतात. एन्क्रिप्शनमुळे (मजकूर सांकेतिक रूपात जात असल्यामुळे) त्यांना आता फारसं काही दिसत नाही; जोडणीच्या सुरुवातीला साइटचं नाव दिसतं, तेही झाकायची सोय आली आहे. शिवाय तपासणी चालू केली की लहान राउटरचा वेग घसरतो. आम्ही ही पद्धत सुचवत नाही.

वागणं मात्र एन्क्रिप्शनने लपत नाही. कॉलची पॅकेट लहान असतात आणि साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक, दोन्ही दिशांना जातात. बॅकअपची पॅकेट मोठी, एकामागोमाग एक आणि मुख्यतः बाहेर जाणारी. यात कधी गेमला कॉल समजलं जातं, पण दोघांनाही विलंब नकोच असतो, तेव्हा बिघडत नाही.

चौथी पद्धत शिक्क्याची. पॅकेटच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीच्या भागात) डीएससीपी नावाची ६ बिटांची जागा असते. आवाजासाठी तिथे ४६ लिहितात. कुठलाही प्रोग्राम हा आकडा लिहू शकतो, म्हणून आम्ही सेट केलेल्या फोनचाच शिक्का मानतो. बाहेरून येणाऱ्या पॅकेटवरचा शिक्का अनेकदा वाटेतच पुसला जातो. तिथे राउटर आधीची जोडणी लक्षात ठेवून उत्तराला तोच वर्ग देतो.

म्हणून आमची मांडणी अशी: फोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात), बॅकअपचा सर्व्हर त्याच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावरून ओळखून रांगेत सगळ्यात मागे, आणि उरलेल्यांना केक (CAKE) या रांग लावण्याच्या पद्धतीने उपकरणागणिक समान वाटा. वेगमर्यादा आम्ही प्रत्यक्ष मोजलेल्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवतो, नाहीतर रांग मोडेममध्ये साचते आणि तिथे आमचे नियम पोचत नाहीत.

हे नियम उपकरणांवर बेतलेले असल्यामुळे नवा फोन किंवा बॅकअपचं नवं यंत्र जोडण्याआधी आम्हाला कळवा.