सात-आठ (पत्त्यांचा खेळ)

सात-आठ : दोघांनी खेळायचा, हुकूम (बाकीच्या रंगांना मारणारा रंग) असलेला पत्त्यांचा खेळ. दोघांनी एकेक पान टाकले की एक ‘हात’ होतो, असे एकूण हात १५. पाने वाटणाऱ्याने ७ आणि हुकूम सांगणाऱ्याने ८ करायचे, यावरून हे नाव. पाच-तीन-दोन या तिघांच्या खेळाशी याचे सख्खे नाते आहे : पाने तीच ३० आणि जास्तीचे हात पुढच्या डावात ‘ओढून’ वसूल करण्याची रीतही तीच. मुंबईत चाळीच्या गॅलरीत, मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीच्या जागरणात तिसरा भिडू मिळाला नाही की सात-आठ सुरू होतो. लोकलच्या खिडकीपाशी समोरासमोर बसलेल्या दोघांना मांडीवरची बॅगही पुरते. वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून जिंकलेले हात तेवढे बॅगेच्या पट्ट्याखाली सरकवावे लागतात.

५२ पानांच्या कॅटमधून दुर्री ते छक्की अशी २० पाने आणि चौकट व किल्वर यांच्या सत्त्या बाजूला काढतात. उरतात ३० : बदाम ८, इस्पिक ८, चौकट ७, किल्वर ७. एक्का सर्वांत मोठा. त्याखाली राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती. खेळायला बसताना पाने नुसती मोजून भागत नाही. इस्पिकऐवजी किल्वरची सत्ती आत राहिली तरी बेरीज ३०च भरते आणि पुढे सगळे अंदाज चुकतात. म्हणून बदाम आणि इस्पिक या दोन्ही सत्त्या डोळ्यांनी पाहून घ्याव्यात.

पत्ते पिसून समोरच्याकडून कट करून घेतात आणि प्रत्येकी पाच पाने वाटतात. आठ हात करायचे असलेला भिडू तेवढी पाच पाने पाहून हुकूम सांगतो. मग पुन्हा पाच-पाच, आणि शेवटी आणखी पाच-पाच. हुकूम बोलण्याआधी पुढची पाने उचलली तर वाटणी मोडून नव्याने करावी. पहिली उतारी (हाताचे पहिले पान टाकणे) हुकूम सांगणाऱ्याची. उतरलेल्या रंगाचे पान हातात असेल तर तेच टाकावे लागते. नसेल तर हुकूम मारावा किंवा दुसरे कोणतेही पान टाकावे, सक्ती नाही. हात जिंकणारा पुढची उतारी करतो. रंग असूनही न देणे म्हणजे नकार. त्याचा दंड घरोघरी वेगळा असतो, तो आधीच ठरलेला बरा. पुढच्या डावात वाटणारा बदलतो, त्याबरोबर सात आणि आठही बदलतात. दोघांच्या वाट्याला आठ सारख्याच वेळा यावेत म्हणून डावांची संख्या सम ठेवतात.

नवशिका अडखळतो तो नियमांपाशी नव्हे, हुकूम सांगताना. पाच पानांत एखादा एकटा एक्का दिसला की तो रंग बोलून टाकण्याचा मोह होतो. पण हुकमात पानाच्या मोठेपणापेक्षा संख्या अधिक कामाची. पाच पाने चार रंगांत विभागली की एखाद्या रंगाची निदान दोन पाने असतातच. तीन असली तर बहुतेक वेळा तोच हुकूम. समजा, पहिल्या पाचांत बदामाची तीन पाने आली. न दिसलेल्या २५ पानांत बदामाची पाच उरली आणि त्या २५ पैकी १० आपल्याकडे येणार. म्हणजे सरासरीने आणखी दोन बदाम. हुकूम पाच विरुद्ध तीन झाला, तर समोरच्याचे तिन्ही हुकूम काढून घेतल्यावर आपले दोन शिल्लक राहतात. दोनच बदाम असतील तर हाच हिशेब साधारण साडेचार विरुद्ध साडेतीन असा येतो. आठ हातांची जबाबदारी घ्यायला तो तोकडा आहे, पण कधी कधी दुसरा मार्ग नसतो.

सात-आठ शिकण्याचा गाभा असा की सगळी पाने वाटली जातात. जे पान आपल्याकडे नाही ते समोरच्याकडे आहेच. चौघांच्या खेळात लागणारा ‘राणी कुणाकडे असेल’ हा तर्क इथे लागतच नाही. पंधरा पाने रंगवार लावली की प्रत्येक रंगाचा उरलेला भाग मनात मांडावा : आपल्याकडे चौकट एक्का, गुलाम, अठ्ठी असेल तर समोर राजा, राणी, दश्शी, नव्वी अशी चार पाने आहेत, कमी नाहीत की जास्त नाहीत. स्मरणशक्ती कमी असलेल्यांना हा खेळ जमत नाही हा गैरसमज यामुळेच खोटा ठरतो. आठवायचे फार नसते, हातात नाही ते वाचायचे असते.

हुकूम कसे काढावेत याचे एक उदाहरण. बदाम हुकूम, आपल्याकडे एक्का, राणी, गुलाम, नव्वी, सत्ती आणि समोर राजा, दश्शी, अठ्ठी. एक्का उतरला की अठ्ठी पडते. मग राणी उतरावी. समोरच्याने राजाने ती घेतली तर उतारी पुन्हा आपल्याकडे आल्यावर गुलाम उतरून दश्शी काढावी. त्याने राजा राखून दश्शी दिली तर गुलामावर राजा जातो. दोन्ही वाटांनी हुकमाच्या पाचांपैकी चार हात आपले होतात. हेच हुकूम न काढता आधी मोठी चौकट-किल्वर उतरत बसले, तर समोरच्याचा एखादा रंग संपतो आणि त्याची फडतूस अठ्ठी आपला राजा मारून नेते. मात्र आपले हुकूम त्याच्यापेक्षा कमी असतील तर ते काढण्याची घाई करू नये. आपला छोटा रंग (ज्याची पाने कमी आहेत तो) आधी संपवून त्यावर ते मारण्यासाठी ठेवावेत.

ठरलेल्यापेक्षा जास्त झालेले हात समोरच्यावर ‘चढतात’. बेरीज १५ असल्याने एकाला जितके जास्त, तितकेच दुसऱ्याला कमी. सातवाल्याने नऊ केले तर दोन हात चढले. पुढच्या डावात हुकूम सांगून सगळी पाने वाटून झाली की तो समोरच्याने पंख्यासारख्या धरलेल्या पानांतून न पाहता एक पान ओढतो आणि आपले नको असलेले पान परत देतो, मग दुसरे. ज्याच्याकडून ओढले जाणार त्याने आधी हातातली पाने पिसून घ्यावीत. रंगवार लावलेल्या पंख्यात हुकूम कुठे आहेत ते चटकन ओळखू येते. ओढलेलेच पान परत देता येते का, परतीचे पान त्याच रंगाचे हवे का, यावर घरोघरी मतभेद आहेत आणि बहुतेक भांडणे इथेच होतात. हेही खेळ सुरू होण्याआधी ठरवावे.

परत काय द्यायचे यात खरे कसब आहे. सर्वांत लहान पान देऊन मोकळे होणे ही सवय महागात पडते. समोर चौकट राजा एकटाच असेल आणि एक्का आपल्याकडे असेल, तर चौकट अठ्ठी परत देणे म्हणजे त्या राजाला आयते संरक्षण देणे. एक्क्यावर तो अठ्ठी टाकतो आणि राजा वाचवतो. त्याऐवजी ज्या रंगाचे आपल्याकडे एकच हलके पान आहे ते द्यावे. तो रंग आपल्याकडे उरत नाही आणि समोरच्याने उतरताच हुकूम मारता येतो.

जिंकलेले हात एक आडवा, एक उभा असे रचावेत. किती झाले ते दोघांनाही दिसत राहते. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत कागदी पत्ते फुगून चिकटतात आणि वाटताना एकाऐवजी दोन पाने जातात, म्हणून वाटून झाल्यावर दोघांनी आपापली पंधरा मोजावीत. प्लॅस्टिकच्या पत्त्यांना हा त्रास कमी.

शिकवताना पहिले दोन-तीन डाव दोघांची पाने उघडी मांडून खेळावेत. वाटणी झाल्यावर माहिती तशीही दोघांकडे पूर्ण असते. उघड्या पानांनी ती फक्त डोळ्यांसमोर येते. त्यानंतर पाने झाकावीत, पण पहिल्या उतारीआधी शिकणाऱ्याने समोरच्याचे हुकूम पानांच्या नावांसह सांगावेत. ते अचूक येऊ लागले की उरलेले तीन रंगही विचारावेत.